नकाशाघर : बांधाची उंची, जुना कागद आणि मानशीचे ‘मान’

गेल्या अंकात मी क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे आलेल्या सोयींबद्दल लिहिले होते. जमिनीच्या उंचसखलपणाचा छेद काढणे, शेतात उभे राहून फोनवर नोंदी घेणे, जुना कागदी नकाशा स्कॅन करून जागेवर बसवणे, असे त्यात होते. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यात एका गावाचे पीक अडकले आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचे गाव तिसवाडीतल्या एका बेटावर आहे. दोन वर्षांपूर्वी खाजनाचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीचा) बांध फुटला, तेव्हापासून खारे पाणी आत येते. शेत पडून आहे. तुमचा लेख वाचून मुलाने उपग्रहाच्या उंचीवरून बांधाचा छेद काढला. त्यात बांध काही ठिकाणी ६ मीटर दिसतो, काही ठिकाणी १ मीटर. पण जिथे ६ मीटर दिसतो, नेमके तिथूनच उधाणाला पाणी बांधावरून आत पडते. हा छेद जोडून दुरुस्तीचा अर्ज करायचा आहे. आमचे कुठे चुकले?

उत्तर : तुमच्या मुलाने टूल बरोबर वापरले आहे, त्याला तसे आवर्जून सांगा. चूक आहे ती त्याखालच्या आकड्यांत. कृपा करून हा छेद अर्जाला जोडू नका.

छेद काढण्याची ही सोय क्यूजीआयएसच्या ३.२६ आवृत्तीत, जून २०२२ मध्ये आली. त्याआधी वेगळे प्लगइन, म्हणजे जोडीचा लहान प्रोग्राम, घालावे लागे. आता नकाशावर रेघ ओढली की खाली त्या रेघेखालचा चढउतार दिसतो. सोय फार चांगली आहे. पण छेद दाखवणारे टूल उंची मोजत नाही, तुम्ही दिलेली उंची फक्त काढून दाखवते. मोफत मिळणारी उंची बहुतेक वेळा एसआरटीएमची असते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने ११ दिवस फिरून रडारने ती मोजली. तिचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा. तुमच्या बांधाची रुंदी किती? माथ्यावर दोन माणसे शेजारी चालली तरी पुष्कळ. म्हणजे एका चौकोनात बांध, त्याच्या अलीकडचे शेत, पलीकडची खाडी आणि काठची खारफुटी हे सगळे मिसळून एकच आकडा बनतो, आणि तोही पूर्ण मीटरात.

त्यात त्या रडारला दाट झाडीतून जमीन दिसत नाही. ते पानांवरून, फांद्यांवरून परत फिरते. तुमचे ६ मीटर म्हणजे मला खात्री आहे ती खारफुटीच आहे. बांध खचला, पाणी शिरले, चिखल साचला, की तिथे खारफुटी जोमाने वाढते. म्हणून जिथे बांध सगळ्यांत कमजोर, तिथेच छेदात तो सगळ्यांत उंच दिसतो. एसआरटीएमची उंचीतली चूक १६ मीटरच्या आत ठेवायची, असे ती मोहीम आखतानाच ठरले होते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती पुष्कळ कमी आहे. डोंगराच्या नकाशाला हे चालते. पण आपल्या खाडीत उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरकच दोन मीटरच्या आसपास आणि खाजनाची जमीन भरतीच्या पातळीखाली. तिथे वीतभर फरकावर पीक राहते किंवा जाते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. खाणीवरच्या सर्व्हे खात्यातली नोकरी सुटल्यावर मी गावांसाठी नकाशे करायला लागले, तेव्हाची गोष्ट. असाच एक छेद मी एका ग्रामसभेत भिंतीवर दाखवला. मागच्या बाकावरचे एक वयस्कर शेतकरी उठले आणि पडद्यावरच्या उंचवट्याकडे बोट करून म्हणाले, ‘‘बाय, हो दोंगर खंयचो?’’ त्या जागी त्यांनी जन्मभर कोरगुट (खाऱ्या जमिनीत येणारे भात) लावला होता. मला उत्तर देता आले नाही. खाणीवर आम्ही एकेक सेंटिमीटर ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने) तपासत असू. तोच नियम शेतकऱ्याच्या बांधाला मी लावला नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते. त्या दिवसापासून खाजनाचे काम आले की आधी बांधावर जाऊन मोजायचे, कॉम्प्युटर मागाहून, हा माझा शिरस्ता आहे.

आता तुम्ही काय करावे ते सांगते. ऑटो लेव्हल आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) घेऊन येणारा सर्व्हेअर मिळाला आणि परवडला तर उत्तमच. नाही मिळाला तर गावाकडे मोठी लेव्हल फुकट आहे, ती म्हणजे खाडीचे पाणी.

पुनवेच्या किंवा अवसेच्या पुढचा एखादा दिवस धरा, वारा पडलेला असावा. भरती पूर्ण भरली की थोडा वेळ पाणी थांबते, ना वर ना खाली. त्याआधीच बांधाच्या खाडीकडच्या अंगाला दर २५ मीटरवर बांबूच्या काठ्या रोवून ठेवा आणि प्रत्येकीवर खडूने क्रमांक घाला. पाणी थांबले की सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या काठीवर पाण्याची रेघ मारायची. मोबाईलवर हाक घाला, पण रेघा त्याच दोन-तीन मिनिटांत मारल्या गेल्या पाहिजेत. एवढ्या छोट्या पट्ट्यात थांबलेले पाणी सगळीकडे जवळपास एका पातळीत असते. ओहोटीला पाणी उतरले की गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी आणा. नळीचे एक टोक काठीला, दुसरे बांधाच्या माथ्याला धरा. माथ्याकडचे पाणी माथ्याच्या पातळीला आले की काठीकडचे पाणी जिथे असेल तिथपासून रेघेपर्यंतचे उभे अंतर टेपने मोजा. पाच नंबरच्या काठीला बांध पाण्याच्या रेघेपेक्षा ६२ सेंटिमीटर वर आला आणि अकराच्या काठीला ९ सेंटिमीटरच, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची हे सांगायला तज्ज्ञ लागणार नाही. एखाद्या काठीला पाणीच माथ्यावर चढले असेल तर त्याची खोली मोजा आणि आकड्यापुढे उणे लिहा.

हे आकडे आता नकाशात घाला. मुलाच्या फोनवर क्यूफील्ड हे ॲप घ्या. क्यूजीआयएसचा प्रकल्प तसाच शेतात नेता येतो, रेंज नसली तरी चालते. प्रत्येक काठीला एक बिंदू, त्याला क्रमांक, उंची आणि फोटो. फोनचा जीपीएस आडव्या दिशेने चार-पाच मीटर चुकू शकतो, पण काठ्या २५ मीटरवर असल्याने क्रम बिघडणार नाही. मात्र उंची फोनवरून घेऊ नका. जीपीएस मुळात उंची मोजतो ती समुद्रसपाटीपासून नाही, पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून. आपल्या भागात ही दोन पृष्ठे एकमेकांपासून बरीच दूर आहेत. म्हणून काही फोन मिरामारच्या वाळूत उभे राहिल्यावरही उणे साठच्या खालचा आकडा दाखवतात. फोन बिघडलेला नसतो, फक्त तो वेगळ्या शून्यापासून मोजत असतो.

घरी आल्यावर बिंदूंच्या लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एलिव्हेशन’ उघडा, उंची ‘ॲब्सोल्यूट’ ठेवा आणि ‘ऑफसेट’च्या बाजूच्या लहान बटणातून तुमचा मोजलेला उंचीचा स्तंभ निवडा. स्तंभ मीटरात हवा, म्हणजे ६२ च्या जागी ०.६२. मग बांधावरून छेदाची रेघ ओढा आणि छेदाच्या खिडकीत ‘टॉलरन्स’ ५ मीटर ठेवा, म्हणजे रेघेच्या थोडे बाजूला पडलेले बिंदूही छेदात येतील. शून्य म्हणजे त्या दिवसाचे उधाण. कोणीही बघावे आणि समजावे असा हा छेद होईल. अर्जाला तो जोडा. खाली तारीख, वेळ, तिथी आणि मोजणाऱ्यांच्या सह्या असू द्या. छेदात उभे माप आडव्यापेक्षा पुष्कळ ताणलेले असते, हेही बाजूला एका ओळीत लिहा, नाहीतर ९ सेंटिमीटरही कागदावर भक्कम दिसतील.

आणखी एक पुरावा फुकट मिळतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे २०१५ पासून आहेत, १० मीटरच्या चौकोनात, साधारण दर पाच दिवसांनी. पावसाळ्यातली घेऊ नका, ढगच दिसतील. बांध फुटण्याआधीच्या फेब्रुवारीतले एक आणि या फेब्रुवारीतले एक शोधा. आधीच्यात वायंगणाचे (पावसाळ्यानंतरच्या पिकाचे) हिरवे चौकोन असतील, आताच्यात काळपट पाणी. २०२० च्या ३.१४ आवृत्तीपासून क्यूजीआयएसमध्ये तारखांप्रमाणे चित्रे एकामागून एक चालवता येतात. तुमच्या मुलाला ते आवडेल. पण कार्यालयात चलत्चित्र कोणी लावून बघत नाही. दोन चित्रे कागदावर शेजारी शेजारी छापा, दोन्हीवर तारीख घाला आणि मानस (बांधातली पाणी सोडण्या-अडवण्याची दारांची जागा) कुठे आहे तिथे बाण काढा.

मानशीची दारेही याच फेरीत तपासा. बांध उंच करून मानस गळकी ठेवली तर खारे पाणी खालून येतच राहील.

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमच्या कुटुंबाचे कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे. आजोबांच्या पेटीत कापडाला चिकटवलेला एक जुना नकाशा सापडला. तो स्कॅन करून जिओरेफरन्सरमध्ये (क्यूजीआयएसच्या, जुना नकाशा जागेवर बसवण्याच्या टूलमध्ये) बसवला. थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत निवडल्यावर चूक शून्य आली. तरीही आमची हद्द शेजाऱ्याच्या गोठ्यातून जाते. मग शेजाऱ्याचा गोठा आमच्या जागेत आहे असे धरायचे का?

उत्तर : नाही. आणि शेजाऱ्याला हा नकाशा दाखवायलाही इतक्यात जाऊ नका.

थिन प्लेट स्प्लाइन कागदाला रबरासारखे ताणते. तुम्ही दिलेले प्रत्येक बिंदू ते जागेवर आणून बसवणारच, त्यामुळे चूक नेहमी शून्यच येते. एखादा बिंदू तुम्ही चुकीच्या विहिरीवर टेकवलात तरीही शून्य. म्हणजे चूक पकडण्याचे साधनच हातातून गेले. वळलेल्या, सुरकुतलेल्या, अर्धवट फाटलेल्या नकाशाला ते कधी कधी लागते, पण सुरुवात तिथून करू नये. तुम्ही ‘पॉलिनॉमिअल १’ ही सगळा कागद एकसारखा हलवणारी पद्धत निवडा, बिंदू किमान आठ-दहा द्या, ते चारही कोपऱ्यांत पसरलेले असू द्या. मग तक्त्यात प्रत्येक बिंदूपुढे त्याची चूक दिसेल. सगळ्यांची दोन-तीन मीटर आणि एकाचीच चौदा असेल तर तो बिंदू पुन्हा बघा. आकडा वाईट आला म्हणून बिंदू पुसून टाकू नका, तो वाईट का आला ते शोधा. पुष्कळदा नकाशातली खरी गोष्ट तिथेच सापडते : वाट बदलली, ओहोळ वळवला, तळीचा एक काठ नव्याने बांधला.

बिंदू कशावर घ्यावे? रस्त्याच्या वळणावर घेऊ नका, रस्ते रुंद झाले आहेत. माडांवर तर नकोच. दगडी कठड्याची जुनी विहीर, देवळाचा दीपस्तंभ, तळीचा चिऱ्यांचा कोपरा, क्रूस, हद्दीचा मूळ दगड जागेवर असेल तर तो. माझ्या अनुभवात विहिरीसारखा प्रामाणिक बिंदू नाही. घर मोडून पुन्हा बांधतात, विहीर कोणी सरकवत नाही.

हद्द सरसकट एकाच दिशेला शे-दीडशे मीटर सरकलेली दिसत असेल तर कारण वेगळे आहे. भारतातले जुने सर्वेक्षण एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीच्या एका गणिती आकारावर) आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर आधारलेले होते, फोन आणि उपग्रह डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक पद्धतीवर चालतात. एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर तसेच ठेवले तर नकाशा एवढा सरकतोच. मात्र पोर्तुगीज काळातल्या कागदावर कल्याणपूर लावून उपयोग नाही. १९६१ आधीचा नकाशा असेल तर त्यावरचे आकडे बाजूला ठेवा आणि फक्त जमिनीवरच्या खुणांनी तो बसवा. शेवटचा नकाशा मीटरात हवा असेल तर गोव्यासाठी यूटीएम या मीटरात मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर हा पट्टा निवडा. सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३.

२०२२ पासून जिओरेफरन्सर ‘लेयर’च्या यादीत आहे. आधी तो ‘रास्टर’खाली असे, म्हणून जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना तो सापडत नाही. त्याच वेळी कॅडमधली (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमधली) रेघांची फाइलही त्यात बसवायची सोय झाली. कोणी ड्राफ्ट्समनने तुमच्या जागेचा आराखडा कॅडमध्ये काढला असेल आणि तो नकाशावर भलतीकडे पडत असेल, तर आता त्यासाठी वेगळी धडपड लागत नाही.

हे सगळे नीट केले तरी हा तुमचा अभ्यासाचा नकाशाच राहील. हद्दीचा वाद असेल तर एक चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद) आणि सर्व्हे प्लॅन काढा, भूमापन कार्यालयाकडे हद्द आखून देण्याचा अर्ज करा आणि आखणीच्या दिवशी शेजाऱ्यालाही तिथे बोलवा. आजोबांचा नकाशा त्या दिवशी सोबत न्या. जुन्या विहिरी आणि वाटा दाखवायला तो नक्की उपयोगी पडेल. मूळ कापडी नकाशा मात्र घडी करून ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून नळीत ठेवा. घडीवरच शाई आधी जाते.

प्रश्न : माझा लॅपटॉप आठ वर्षांचा, ४ जीबी मेमरीचा आहे. सगळ्यांत नवी आवृत्ती घालू का?

उत्तर : नको. क्यूजीआयएसची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते, त्यातली दर तिसरी दीर्घकाळ सांभाळली जाते. तिला एलटीआर म्हणतात. ३.३४, ३.४० या मागच्या तशा आवृत्त्या. सध्याची एलटीआरच घ्या. ३ वरून ४ च्या मालिकेत जाताना सॉफ्टवेअरचा खालचा पाया क्यूटी ५ वरून क्यूटी ६ वर जातो, त्यामुळे रोज लागणारी प्लगइन्स आधी तपासल्याशिवाय उडी मारू नका. ४ जीबीवर उपग्रहाची चित्रे अडखळतील. तुमच्या गावापुरता तुकडा कापून घ्या, काम निभेल. लायडारचे (लेसरने मोजलेल्या उंचीचे) ढगभर बिंदू उघडायचा मोह मात्र त्या यंत्रावर टाळा.

प्रश्न : पेडण्यातल्या शाळेत शिक्षिका आहे. मुलांबरोबर गावातल्या शेतांची, पाणवठ्यांची आणि मानशींची नावे गोळा करून नकाशा केला. शेपफाइल म्हणून सेव्ह केला तर ‘मानशीचे नाव’ या स्तंभाचे नुसते ‘मान’ राहिले आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसली. मुले हिरमुसली आहेत. काय करू?

उत्तर : बाई, मुलांना सांगा की त्यांचे काम गेलेले नाही. शेपफाइल करण्याआधीचा मूळ लेयर आहे ना, मग सगळे परत येईल.

शेपफाइल हे फार जुने स्वरूप आहे. स्तंभाच्या नावाला त्यात फक्त दहा बाइट जागा आहे. इंग्रजीचे दहा अक्षर त्यात मावतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म आणि काना आणि न, झाले नऊ. पुढच्याला जागाच नाही. म्हणून ‘मान’. मजकुरालाही २५४ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे चौऱ्याऐंशी चिन्हे. एखाद्या मुलाने आजीने सांगितलेली तळ्याची हकिगत लिहिली असेल तर ती मध्येच तुटली असणार, तेवढे तपासा. प्रश्नचिन्हांचे कारण म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी सीपीजी नावाची लहान फाइल बहुधा सोबत गेली नाही. शेपफाइल ही एकच फाइल नसते, चार-पाचांचा जुडगा असतो आणि पेनड्राइव्हवर एक तरी मागे राहतेच.

यापुढे जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा. एकच फाइल, सगळे लेयर आत, देवनागरी पूर्ण आणि नावाची अशी कापाकापी नाही. क्यूजीआयएस ३ मध्ये नवा लेयर सेव्ह करताना तेच आपोआप पुढे येते, तुम्ही सवयीने बदलले असेल.

तुमच्या कामाबद्दल आणखी थोडे लिहिते, कारण हे पत्र मी दोनदा वाचले. नावासाठी एक स्तंभ पुरणार नाही. तीन ठेवा : लोक बोलतात ते नाव, सरकारी कागदावरचे नाव आणि रोमन लिपीतले. आपल्याकडे पोर्तुगीज वळणाचे रोमन स्पेलिंग यंत्र पुन्हा देवनागरीत वाचते आणि डिचोलीचे ‘बिचोलिम’, केप्याचे ‘क्वेपेम’ होते. गावांची नावे मोठी म्हणून कोणीतरी ती दुरुस्त करतो. शेतांच्या नावांना तेवढेही कोणी नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर एकाच जागेला मराठी आणि कोकणी नाव वेगवेगळे नोंदवता येते. मुलांची नावे खात्रीची झाली, दोन-तीन घरांत विचारून जुळली, की तिथे घाला.

आणि पुढच्या फेरीत नावाबरोबर आवाजही घ्या. क्यूफील्डच्या फॉर्ममध्ये फोटो जोडतात तशी ध्वनिफीतही जोडता येते. कोकणीतला आखूड-लांब उच्चार आणि नाकातला स्वर लिहिताना निसटतो, मुले प्रमाण मराठीकडे ओढून लिहितात. आजीने जसे म्हटले तसे एकदा नोंदले गेले की पुढे लिहिण्याची चूक कधीही सुधारता येईल. आंबे उतरवून झाल्यावर आणि जूनचा पाऊस लागण्याआधी जा. घरी माणसेही भेटतात आणि कौलांवरच्या पावसाचा आवाजही मध्ये येत नाही.